नेटक्या वहीमागची मुलगी

दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास, अकरावीची पहिली घटक चाचणी झाली की, माझ्याकडे येणाऱ्या पालकांची संख्या वाढते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली बावीस वर्षे विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे. त्यांतली पहिली बारा वर्षे शाळेत गेली आणि त्यानंतर मी घरीच, प्रामुख्याने नववी ते बारावीच्या मुलींना शिकवू लागले. याच वयाच्या मुली मी का निवडल्या, असे मला अनेकजण विचारतात. त्याचे उत्तर एका वहीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली, आणि अकरावी विज्ञानाच्या पहिल्याच चाचणीत तीन विषयांत नापास झालेली. आईने पिशवीतून जीवशास्त्राची वही काढून माझ्यासमोर ठेवली. लाल शाईने आखलेला समास, दोन रंगांत लिहिलेली शीर्षके, पेशीची टोकदार पेन्सिलने काढलेली आकृती, आणि खाडाखोड एकही नाही. "मॅडम, एवढं मन लावून लिहिते, रात्री बारापर्यंत बसते, मग मार्क का पडत नाहीत?" असे विचारताना त्या माउलीचा आवाज कापत होता. मी मुलीला तिच्याच वहीतला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला. पहिली ओळ तिने सलग म्हटली, कारण ती तिला पाठ होती. दुसऱ्या ओळीवर ती थांबली आणि पुढे तिला एक शब्दही वाचता येईना. फळ्यावरचे अक्षर न अक्षर तिने वहीत उतरवले होते, परंतु ते चित्र उतरवावे तसे.

इंग्रजीची भीती असेल, असे वाटून मी तिच्यापुढे मराठी वर्तमानपत्र ठेवले. 'दऱ्याखोऱ्यांतून' या शब्दापाशी ती अडखळली आणि अंदाजाने 'दरवाज्यातून' म्हणून पुढे गेली. ज्यांनी हे जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. आपल्या लिपीत एकट्या 'र'चीच किती रूपे आहेत ते पाहा. 'पर्व'मध्ये तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पायाशी तिरकी रेघ होतो, 'राष्ट्र'मध्ये 'ट'च्या खाली जातो आणि 'दऱ्या'मध्ये आणखी निराळाच दिसतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारताना मात्र नंतर उच्चारायची. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यात फरक तो केवढा, तर डोक्यावरच्या एका गाठीचा. बहुतेक मुले हे सारे दुसरी-तिसरीपर्यंत नकळत आत्मसात करतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलीला मात्र सोळाव्या वर्षीही प्रत्येक जोडाक्षरापाशी नव्याने विचार करावा लागतो, आणि तो करता करता वाक्याचा अर्थ हातून निसटतो. तिची बुद्धी कमी नसते. अक्षरापासून आवाजाकडे जाण्याची तिची वाट खडतर असते.

ती दहावीपर्यंत पोचली कशी, हा प्रश्न कुणालाही पडेल. आई धडा मोठ्याने वाचून दाखवत असे आणि मुलगी ऐकून तो पाठ करत असे. गाइडमधली उत्तरे, अपेक्षित प्रश्नसंचातले प्रश्न, मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, हे सारे तिने स्मरणशक्तीच्या बळावर पेलले होते. अकरावीला एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या. माध्यम इंग्रजी झाले, अभ्यासाचा आवाका कितीतरी पटींनी वाढला, आणि सातवीपर्यंतच शिकलेल्या आईला इंग्रजीतले जीवशास्त्र वाचून दाखवता येईना. शंभराच्या आसपास विद्यार्थी असलेल्या तुकडीत प्राध्यापकांना तिचे नाव ठाऊक असण्याचेही कारण नव्हते. वर्षानुवर्षे ज्या शिडीवर ती उभी होती ती शिडीच काढून घेतली गेली, आणि घरात मात्र सर्वांना वाटले की मुलगी कॉलेजात जाऊन बिघडली.

मुलींच्या बाबतीत हे वारंवार का घडते, याचे एक उत्तर फार पूर्वीच मिळालेले आहे. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात सॅली शेविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दुसरीच्या वर्गातील मुलामुलींची स्वतः चाचणी घेतली तेव्हा सुमारे ८.७ टक्के मुलांत आणि ६.९ टक्के मुलींत वाचनाची अडचण आढळली. म्हणजे फरक थोडाच होता. शाळांनी मात्र त्याच वर्गांतील १३.६ टक्के मुलग्यांना आणि अवघ्या ३.२ टक्के मुलींना अडचण असल्याचे ठरवले होते. शाळेची नजर दंगा करणाऱ्या, वही फाडणाऱ्या, बाकावरून उठणाऱ्या मुलाकडे वळते. खाली मान घालून समास आखत बसलेल्या मुलीकडे ती वळत नाही. माझ्या स्वतःच्या जुन्या नोंदी मी या आकड्यांनंतर पुन्हा चाळल्या, तेव्हा शाळेतील पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे तपासणीसाठी पाठवलेल्यांत मुली अगदी मोजक्या होत्या, हे माझ्याही लक्षात आले. आपल्याकडे तर नेटकेपणा आणि गप्प राहणे हे मुलीचे गुणच मानले जातात, त्यामुळे तिची अडचण तिच्या गुणांखाली झाकली जाते.

अडचण ओळखू आली तरी पुढचा अडथळा घरातच उभा असतो. तपासणी करून परीक्षेत सवलत मिळवून देणारा अध्ययन अक्षमतेचा दाखला काढू या, असे मी सुचवले की मुलाचे पालक बहुधा खर्च आणि तारीख विचारतात. मुलीचे पालक आधी गप्प होतात. मग आई हळूच विचारते, "मॅडम, दाखल्यावर 'दिव्यांग' असं लिहून येतं ना? उद्या स्थळं बघताना कुणी विचारलं तर काय सांगायचं?" हा प्रश्न मी कधीही उडवून लावलेला नाही, कारण विचारणारी बाई आपल्या लेकीच्याच काळजीपोटी विचारत असते. मी तिला इतकेच सांगते की हा कागद परीक्षा मंडळ आणि महाविद्यालय यांच्यासाठी आहे, तो गावभर दाखवण्याचे कारण नाही. आणि मुलीला पदवीपर्यंत पोचू दिले तर स्वतःच्या आयुष्याचे निर्णय घेण्याची ताकद तिला या कागदापेक्षा कितीतरी अधिक मिळेल. काही आया ऐकतात. काही ऐकत नाहीत, आणि त्यांच्या मुलींना सवलतीविना, केवळ अधिक सरावाच्या जोरावर तयार करावे लागते. हे दुप्पट कष्टाचे काम आहे आणि ते मुलीलाच उपसावे लागते, याचे मला अतिशय वाईट वाटते.

कागदोपत्री पाहिले तर आपल्या राज्याने या बाबतीत बरेच लवकर पाऊल उचलले होते. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्र शासनाने १९९६ साली औपचारिक मान्यता दिली, आणि महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्थाही त्याच वर्षी मुंबईत उभी राहिली. देशाच्या कायद्यात मात्र विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश व्हायला २०१६ चा दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम यावा लागला; त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले. त्याच कायद्याने ४० टक्के किंवा अधिक अक्षमता प्रमाणित झालेल्यांसाठी शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. पालकांच्या हमखास नजरेतून सुटणारी एक बाब इथे सांगायला हवी. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठव्या वर्षानंतर मिळालेल्या दाखल्याची चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी करावी लागे, आणि अठराव्या वर्षी मिळालेला दाखला आयुष्यभर चाले; या सूचना २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या. अठरावे वर्ष म्हणजे बारावी आणि प्रवेश परीक्षांचा काळ. दहावीला मिळालेला दाखला फाइलमध्ये ठेवून निश्चिंत झालेले कुटुंब नेमके त्याच वर्षी धावपळ करू लागते. दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी, बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखन-गणिताची शैक्षणिक चाचणी, अशा अनेक फेऱ्या. प्रत्येक फेरीला पुण्याची एसटी आणि वडिलांची एका दिवसाची बुडालेली मजुरी. म्हणून अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच तारीख घ्या, असे मी आता प्रत्येक घरी जाऊन सांगते.

सवलतींविषयी लिहिताना माझ्या हातून झालेली एक चूक मला इथे नोंदवलीच पाहिजे. शाळेत असताना माझ्याकडे आलेल्या एका मुलीला गणिताची मोठी अडचण होती. त्या वेळच्या तरतुदींनुसार बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित आणि कार्यानुभव घेता येत असे. नववीत तिला ते घ्यायला मीच सुचवले. दहावी सुखरूप पार पडावी, तिचा आत्मविश्वास टिकावा, हाच हेतू होता, आणि दहावी सुखरूप पार पडलीही. ही मुलगी चित्रकलेत विलक्षण होती. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षांत तिला 'अ' श्रेणी होती, आणि वाड्याच्या जिन्याचे तिने केलेले रेखाटन आजही माझ्या कपाटात आहे. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी ती मला म्हणाली, "बाई, मला घरांचे आराखडे काढायला शिकायचंय." वास्तुकलेच्या पदवीसाठी बारावीला गणित लागते. तो दरवाजा दोन वर्षांपूर्वी मी माझ्या हाताने बंद केला होता.

अधिक दुःख या गोष्टीचे झाले की तिची अडचण मुख्यत्वे बीजगणितात होती. भूमितीच्या आकृत्या तिला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत. प्रमेयाची सिद्धता लिहिताना गडबड होई, पण कोणता कोन कोणाइतका आहे हे ती आकृती पाहताक्षणी सांगत असे. तिला गणित सोडायला लावण्याऐवजी मी तिच्यासाठी गणकयंत्र, अधिक वेळ, चौकटींची वही आणि दोन वर्षांचा सराव यांची मागणी करायला हवी होती. पुढे तिने कला शाखेतून बारावी केली आणि उपयोजित कलेच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून पदवी मिळवली. ती समाधानी आहे, पण तो मार्ग तिने निवडलेला नव्हता, तर उरलेला होता. तेव्हापासून कोणतीही सवलत सुचवण्याआधी मी मुलीला समोर बसवून बारावीनंतर तिला काय करावेसे वाटते ते विचारते. नववीतल्या मुलीला ते ठाऊक नसेल तर जी सवलत एखादा विषयच काढून घेते ती शक्यतो टाळते, आणि जी सवलत तोच विषय तिच्या आवाक्यात आणते तिच्यासाठी भांडते. अर्थात काही मुलींना गणिताचे ओझे खरोखरच पेलवत नाही आणि त्यांच्यासाठी तो पर्याय जीव वाचवणारा ठरतो, हेही मी पाहिले आहे. निर्णय मात्र मुलगी पुढे कुठे जाऊ पाहते आहे ते बघून व्हावा, दहावीच्या टक्केवारीकडे बघून नव्हे.

प्रत्यक्ष शिकवण्याचे म्हणाल तर मुख्य काम संथ आणि बारीक आहे. नेटक्या वहीच्या त्या मुलीबरोबर आम्ही पहिले दोन महिने केवळ शब्द फोडत बसलो. 'फोटोसिंथेसिस' हा तिला डोंगरासारखा वाटणारा शब्द कागदावर दोन तुकड्यांत लिहिला. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिंथेसिस' म्हणजे संश्लेषण. "म्हणजे प्रकाशसंश्लेषणच की!" असे म्हणून ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. हा धडा तिने मराठीत शिकलेला होता आणि तिला तो उत्तम येत होता. महिनाभर ज्याला ती परके समजत होती ते तिच्या ओळखीचेच निघाले. त्यानंतर आम्ही एक जाड वही केली. डाव्या पानावर इंग्रजी शब्द, त्याचे तुकडे आणि देवनागरीत उच्चार, तर उजव्या पानावर दहावीपर्यंत शिकलेला मराठी प्रतिशब्द आणि एक छोटी आकृती. रोज आठ शब्द, त्याहून अधिक नाही. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. त्यांतील एकेक पान मी माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून देत असे आणि तिने पुस्तकातल्या ओळीखाली पट्टी सरकवत ते ऐकायचे, अशी शिस्त ठेवली. कान आणि डोळा एकाच वेळी एकाच शब्दावर असले की काही महिन्यांनी डोळा थोडे अधिक काम करू लागतो.

इथेही मुलगी असण्याचा प्रश्न आडवा आला, तो मोबाइलच्या रूपाने. घरातला एकमेव स्मार्टफोन वडिलांच्या खिशात असे, आणि थोरल्या भावाला मिळणारा तो फोन मुलीच्या हाती देणे घरच्यांना धोक्याचे वाटे. ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी तिला रोज संध्याकाळी माझ्या घरी यावे लागे, आणि दिवस मावळण्याच्या आत परत जायचे असल्यामुळे तासाभरापलीकडे थांबता येत नसे. शेवटी मी तिच्या वडिलांना एका रविवारी बोलावून घेतले आणि त्यांच्यासमोर तिला एक पान ऐकत वाचायला लावले. ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात मुलगी एक जुना, दुरुस्त केलेला फोन घेऊन आली. त्यात सिमकार्ड नव्हते, पण आवाज चालत होता.

लेखनिक घेण्याविषयीही मोठा गैरसमज आहे. लेखनिक मिळाला की काम झाले, असे पालकांना वाटते. वस्तुतः उत्तर सांगून लिहून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याला किमान सहा महिन्यांचा सराव लागतो. संपूर्ण वाक्य आधी मनात तयार करायचे, मग लेखनिकाच्या हाताच्या वेगाने सांगायचे, कुठे नवा परिच्छेद, कुठे अधोरेखन, आकृतीतल्या कोणत्या भागाला कोणते नाव, हे सारे बोलून दाखवायचे, आणि तेवढ्यात पुढच्या प्रश्नाचा विचारही करायचा. मुली इथे एका वेगळ्याच कारणाने मागे पडतात. लेखनिकाने चुकीचे लिहिले तरी त्या त्याला थांबवत नाहीत. समोरच्याला त्रास होईल, त्याला राग येईल, या संकोचाने त्या चुकीचे उत्तर तसेच जाऊ देतात. घरात, शाळेत, नातेवाइकांत आयुष्यभर जपलेली ही सवय परीक्षेच्या दालनात त्यांचे गुण घालवते.

दालनात हक्क नाकारला गेला तर ते किती महाग पडू शकते, हे २०२१ च्या 'नीट' परीक्षेतील एका प्रकरणाने दाखवून दिले. डिस्ग्राफिया, म्हणजे लेखनाची अध्ययन अक्षमता, प्रमाणित असलेल्या एका विद्यार्थिनीला नियमाप्रमाणे एक तास अधिक मिळायला हवा होता. केंद्रावर तो नाकारला गेला आणि तिची उत्तरपत्रिका इतरांबरोबरच काढून घेण्यात आली. ती न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले आणि त्याचे निवारण कसे करता येईल याचा विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला सांगितले. फेरपरीक्षेचा आदेश मात्र मिळाला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत, रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा विकार, असलेल्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात याच न्यायालयाने लेखनिकाचा हक्क ४० टक्क्यांच्या अटीपुरता मर्यादित नाही, असे स्पष्ट केले होते. या निकालांची माहिती मी माझ्या प्रत्येक मुलीला सांगते, कारण केंद्रावरच्या पर्यवेक्षकांना ती ठाऊक असेलच असे नाही. न्यायालय नंतर येते. त्या तासाला दालनात मुलगी एकटीच असते.

म्हणून बारावीच्या जानेवारीपासून आमच्या आठवड्यातला एक तास केवळ बोलण्याच्या सरावाचा असतो. मी पर्यवेक्षक होते, आवाज चढवते, "वेळ संपली, पेपर द्या" असे म्हणते, आणि मुलीने उभे राहून शांतपणे म्हणायचे असते, "माझ्या प्रवेशपत्रावर अधिक वेळेची नोंद आहे. कृपया केंद्रप्रमुखांना बोलवा." सुरुवातीला बहुतेकींना हे दोन वाक्यांचे बोलणेही जमत नाही. डोळ्यांत पाणी येते, मान खाली जाते, आवाज घशातच अडकतो. आम्ही ते पुन्हा करतो. प्रवेशपत्र, दाखला, मंडळाचे मंजुरीपत्र, तिन्हींच्या तीन-तीन प्रती एका पारदर्शक फाइलमध्ये कोणत्या क्रमाने ठेवायच्या, आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन कोणाला भेटायचे, हे तिने स्वतः करायचे असते. आई सोबत असते, पण बोलत नाही.

नेटक्या वहीची ती मुलगी बारावीत असताना शेजारच्या गल्लीतली अकरावीतली एक मुलगी सरावासाठी तिची लेखनिक म्हणून येत असे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी दोघी माझ्या ओसरीवर बसल्या होत्या आणि मी आत स्वयंपाकघरात होते. हृदयाच्या रचनेवरचे उत्तर चालू होते. झडपांची नावे सांगता सांगता बाहेरचा आवाज थांबला आणि मग तिचे बोलणे मला स्पष्ट ऐकू आले, "थांब. मागचं वाक्य वाचून दाखव." धाकटीने वाचून दाखवले. "नाही, मी डावी बाजू म्हटलं होतं. खोड आणि परत लिही. आणि जरा हळू, मला अजून सांगायचंय." मी गॅस बंद केला, पण बाहेर गेले नाही.